घेतलेला वसा आणि त्याची मुदत

पानात काही टाकायचे नाही, हा आमच्या घरातला सर्वांत जुना नियम. तो कोणी लिहून ठेवलेला नव्हता आणि कोणी समजावूनही सांगितलेला नव्हता. १९७२ च्या दुष्काळात ज्यांनी रेशनच्या रांगेत उभे राहून लाल मिलो आणला आणि त्याच्या भाकरी खाल्ल्या, त्यांच्या घरात तो सांगावा लागतच नव्हता. पुढे धान्याची टंचाई गेली, घरात मधुमेह आला, पण नियम जागचा हलला नाही. त्यातली खरी अडचण अशी होती, की पान स्वच्छ करायची जबाबदारी जेवणाऱ्याची आणि पानात किती पडणार हे ठरवायचा अधिकार वाढणाऱ्याचा. वाढणाऱ्याने आग्रहाने भाताची आणखी एक मूद घातली, की जेवणाऱ्याला ती संपवणे भाग असे. अन्न वाया जाऊ नये हा मूळ हेतू. परंतु गरजेपेक्षा जास्त खाल्लेले अन्नही वायाच जाते, फक्त केराच्या डब्याऐवजी पोटात जाते, ही गोष्ट नियमाच्या शब्दांत कुठेच बसत नव्हती.

आम्ही तो नियम मोडला नाही, बदलला. आता ज्याने त्याने आपले पान आपणच वाढून घ्यायचे आणि पहिल्या वेळी निम्मेच घ्यायचे. घेतलेले मात्र टाकायचे नाही. आईचा यावर आक्षेप होता, कारण आग्रह केला नाही तर पाहुण्याला परके वाटते. तेव्हा पाहुण्यांना या दुरुस्तीतून वगळले. पाहुण्यांच्या साखरेची काळजी त्यांच्या घरच्यांनी करावी, असे आई म्हणाली, आणि त्यावर कोणाकडेच उत्तर नव्हते.

या दुरुस्तीच्या निमित्ताने माझ्या लक्षात आले, की आपण ज्यांना आपली तत्त्वे म्हणतो त्यांपैकी बहुतेकांवर तारीखही नसते आणि कारणही नसते. कर्ज काढायचे नाही, कोणाकडे रिकाम्या हाताने जायचे नाही, कामाला नाही म्हणायचे नाही, हे सगळे कुठल्यातरी काळात कुठल्यातरी कारणाने सुरू झालेले असते; कारण गळून पडते आणि नियम उरतो. गंमत अशी, की ज्या परंपरेला आपण आंधळी म्हणून नावे ठेवतो, तिच्यात नेमधर्माची व्यवस्था याहून पुष्कळ चोख होती. कोणतेही धर्मकृत्य सुरू करताना संकल्प सोडला जातो, त्यात आधी देशकालाचा उच्चार असतो: दंडकारण्य देशात, गोदावरीच्या अमुक तीरावर, शालिवाहन शकाच्या अमुक वर्षी, अमुक तिथीला, अमुक गोत्राचा मी, अमुक हेतूने हे करीत आहे, आणि मग पळीतले पाणी हातावरून ताम्हनात सोडायचे. कोण, कुठे, केव्हा आणि कशासाठी हे सगळे नियमाला जोडूनच येते. श्रद्धेचा भाग बाजूला ठेवला तरी नोंद म्हणून हा मसुदा उत्तम आहे.

सुरुवातीसारखाच शेवटही ठरलेला. चातुर्मासाचे नेम आषाढ शुद्ध एकादशीपासून कार्तिक शुद्ध एकादशीपर्यंत. कांदा-लसूण वर्ज्य करणारी घरे आधी कांदेनवमीला भजी-थालीपीठ करून मन भरून घेतात आणि नेम संपला की कांदा पुन्हा घरात येतो. सोळा सोमवार सोळाच असतात, सतराव्या सोमवारी उद्यापन. ‘उतू नये, मातू नये, घेतला वसा टाकू नये’ हे वाक्य आपण हट्टी चिकाटीचे घोषवाक्य करून टाकले आहे. पण आदित्यराणूबाईच्या कहाणीत हाच वसा श्रावणातल्या आदितवारी धरायचा आणि माघातल्या रथसप्तमीला संपूर्ण करायचा, असे तिथेच सांगितलेले आहे. टाकू नये ते मुदत पुरी होण्याआधी.

मुदतीचे महत्त्व मला अठराव्या शतकातला अमेरिकन मुत्सद्दी आणि लेखक बेंजामिन फ्रँकलिन याच्या एका गोष्टीमुळे नीट पटले. तरुणपणी त्याने मांसाहार सोडला होता आणि मासे मारणे ही विनाकारण केलेली हत्या आहे, असे तो मानत असे. बोस्टनहून निघालेले त्याचे जहाज ब्लॉक आयलंडजवळ वारा पडल्यामुळे थांबले, लोकांनी कॉड मासे पकडले आणि ते तव्यावर तळायला घेतले. मासे त्याला मुळात फार आवडत. तत्त्व आणि जीभ यांची ओढाताण काही वेळ चालली. मग त्याला आठवले, की मासा चिरताना त्याच्या पोटातून लहान मासे निघालेले आपण पाहिले होते. हे जर एकमेकांना खातात, तर आपण त्यांना खायला काय हरकत, असा युक्तिवाद करून तो जेवायला बसला. विचारी प्राणी असणे फार सोयीचे असते, कारण जे करायचे मनात आहे त्यासाठी कारण शोधता येते, असा शेरा त्याने स्वतःच मारून ठेवला आहे. त्याचा युक्तिवाद कदाचित बरोबरही असेल. पण तव्याचा वास नाकात असताना सुचलेल्या दुरुस्तीवर भरवसा कसा ठेवायचा? कार्तिकी एकादशी मात्र तुमच्या भुकेला विचारून येत नाही.

गांधीजींचे प्रकरण याहून अवघड आहे आणि मला ते अधिक जवळचे वाटते. १९१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेत टॉलस्टॉय फार्मवर त्यांनी दूध सोडले. त्यामागे दोन कारणे होती: दूध विकारांना चेतवते ही त्यांची समजूत, आणि कलकत्त्यात गाईम्हशींचे जे हाल करून दूध काढले जाते त्याविषयी वाचलेली माहिती. १९१८ मध्ये खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी फिरताना त्यांना आमांश झाला आणि प्रकृती इतकी खालावली, की ते मरणाच्या दारात गेले. मुंबईत डॉक्टर दलालांनी स्पष्ट सांगितले, की दूध घेतल्याशिवाय हे शरीर पुन्हा उभे राहणार नाही. गाईम्हशींच्या हालांमुळे आपण व्रत घेतले, असे गांधीजी म्हणाले, तेव्हा जवळच असलेल्या कस्तुरबांनी विचारले, की मग शेळीचे दूध घ्यायला काय हरकत आहे? गांधीजी कबूल झाले. व्रत घेताना डोळ्यांसमोर गाय आणि म्हैस असली तरी त्याचा आशय सर्वच प्राण्यांच्या दुधाला लागू होता, आपण अक्षर पाळले आणि आत्मा मारला, हे त्यांनी पुढे आत्मकथेत लिहिले आणि त्याची बोच राहिल्याचेही सांगितले. शेळीचे दूध मात्र चालू राहिले.

वाचणारे बहुधा कस्तुरबांच्या चतुराईला तरी दाद देतात किंवा गांधीजींच्या प्रांजळपणाला तरी. मला मात्र वाटते, की गाठ त्याआधीच बसलेली होती. दोन वेगवेगळ्या कारणांसाठी एकच नियम केला, म्हणून तो तपासायच्या वेळी कोणते कारण समोर ठेवायचे ते कळेना. विकारांचे कारण अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या बाबतीत जवळजवळ लागूच नव्हते. क्रौर्याच्या कारणाचे समाधान दूध कोणत्या गोठ्यातून येते याची खात्री करूनही झाले असते, मग ते दूध गाईचे का असेना. कारणे वेगळी मांडून ठेवली असती, तर आजारपणापुरती उघड दुरुस्ती करता आली असती. आपद्धर्माची सोय आपल्याकडे होतीच. प्रत्यक्षात दुरुस्ती झाली नाही, पळवाट निघाली, आणि पळवाटेने गेलेल्या माणसाला नियम तसाच शाबूत ठेवून आयुष्यभर त्याच्यासमोर ओशाळत राहावे लागते.

फ्रँकलिन आणि गांधीजी यांची आणखी एका ठिकाणी गाठ पडते. फ्रँकलिनने स्वतःसाठी आधी बारा सद्गुणांची यादी केली होती; तू गर्विष्ठ आहेस, असे क्वेकर या ख्रिस्ती पंथातल्या एका मित्राने सुनावल्यावर त्याने नम्रता हा तेरावा घातला. १९१५ मध्ये आश्रमाच्या नियमावलीचा मसुदा गांधीजींनी मित्रांकडे मतासाठी पाठवला, तेव्हा कलकत्ता उच्च न्यायालयाचे माजी न्यायाधीश सर गुरुदास बॅनर्जी यांनी नेमकी नम्रताच व्रतांत घालावी असे सुचवले. गांधीजींना ते पटले नाही. व्रत करून पाळलेली नम्रता नम्रता उरत नाही, अशी त्यांना शंका होती. मी या बाबतीत गांधीजींच्या बाजूचा आहे. काही गोष्टींना नियमात बसवले की त्या बिघडतात. पण दोघांनीही आपल्या नियमांबाबत दुसऱ्याचे ऐकून घेतले, हे मला जास्त महत्त्वाचे वाटते, कारण आपल्या नियमाचा जाच बहुतेक वेळा शेजारच्या पाटावरच्या माणसाला आधी कळतो.

आमच्या घरी आता एक साधी दोनशे पानी वही आहे. तिच्यात नियम, तो धरल्याची तिथी आणि कारण, एवढेच लिहायचे. कारणे दोन असतील तर दोन ओळी करायच्या. चर्चा फक्त कार्तिकी एकादशीच्या आठवड्यात. मधल्या काळात कोणाला कितीही चांगला युक्तिवाद सुचला तरी तो वहीच्या मागच्या पानावर टिपून ठेवायचा, आणि सुचला तेव्हा आपण काय करत होतो तेही खाली लिहायचे. ही शेवटची अट मुलीची, आणि तिने मागची पाने फार मनोरंजक करून टाकली आहेत.

यंदा ‘वाजलेला फोन उचलायचाच’ हा नियम चर्चेला आहे. ट्रंक कॉलच्या काळात फोन वाजला म्हणजे कोणीतरी गेले किंवा कोणीतरी जन्मले, म्हणून तो धरलेला. आज त्याचा लाभ मुख्यतः कर्ज विकणाऱ्यांना होतो. मी मांडलेली दुरुस्ती अशी, की जेवताना कोणाचाच फोन घ्यायचा नाही. पत्नीने तिच्यापुढे पेन्सिलीने ‘गावाकडच्या काकू सोडून’ असे लिहिले आहे, कारण काकू एकट्या राहतात आणि त्यांची फोनची वेळ आमच्या जेवणाचीच आहे.