कूलिंग कॉइल निर्दोष सुटली, कंडेन्सर सापडला: १४ महिन्यांच्या गाडीतला एसीचा गॅस नेमका कुठून जात होता

एसीची कूलिंग कॉइल (केबिनची हवा गार करणारी जाळी) बघायला डॅशबोर्ड उतरवायचा बेत रद्द. लीक कंडेन्सरमध्ये (रेडिएटरसमोरची, एसीचा गॅस थंड करणारी जाळी) आहे, तोही मागच्या अंगाला, खालच्या डाव्या कोपऱ्यात. समोर उभं राहून कितीही टॉर्च मारला तरी तिथवर नजर पोचतच नाही.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. १.२ पेट्रोल हॅचबॅक, १६ हजार किलोमीटर, फिक्स्ड डिस्प्लेसमेंट कॉम्प्रेसर, आर-१३४ए गॅस, त्याचं माप बॉनेटखालच्या स्टिकरवर ४३० ग्रॅम अधिक-उणे २०. एसी सकाळी बर्फासारखा गार, दुपारी सिग्नलला कोमट. सर्व्हिस सेंटरने यूव्ही डाय (यूव्ही उजेडात चमकणारा रंग) टाकून पूर्ण गॅस भरला. दीड महिन्याने रिकव्हरी मशीनवर काढला तर २७० ग्रॅमच निघाला. त्यांचा निष्कर्ष: "वापराने कमी होतो." सीलबंद यंत्रणेत गॅस वापराने कमी होत नाही. नव्या गाडीत एका मोसमात एवढा उतरला तर भोक आहे, विषय संपला.

मागच्या नोंदीत स्निफर (गॅस हुंगून आवाज करणारं यंत्र) पूर्ण गप्प राहिला होता आणि संशयाची सुई कूलिंग कॉइलकडे वळली होती. आता गणित मांडू. दीड महिन्यात १६० ग्रॅम म्हणजे रोजचे साधारण साडेतीन ग्रॅम. बऱ्या हीटेड डायोड स्निफरची पकड वर्षाला ३ ते ५ ग्रॅमच्या लीकवर असते. म्हणजे त्याला जेवढं कळतं त्याच्या शेकडो पट गॅस जात असताना तो आवाज करत नाही. एवढा मोठा लीक लपून राहत नाही. मग एकच शक्यता उरते: स्निफर फिरत होता तेव्हा लीक बंद होता.

इथून पुढचं सगळं एका मुद्द्यावर फिरलं. एसी बंद करून थोडा वेळ गेला की दोन्ही बाजूंचा (कॉइलकडची लो साइड, कंडेन्सरकडची हाय साइड) दाब सारखा होतो. ३५ अंशांना आर-१३४ए असेल तर साधारण ११५ पीएसआय, आत २७० ग्रॅम असो की ४३०. (म्हणूनच बंद गाडीला गेज लावून "गॅस बरोबर आहे" म्हणणाऱ्यापासून लांब राहा. आत थोडा जरी द्रव शिल्लक असला तरी आकडा तोच येतो.) एसी चालू झाला की लो साइड ३०-४० वर येते आणि हाय साइड २२०-२८० वर जाते. म्हणजे कूलिंग कॉइलवर सगळ्यात जास्त दाब गाडी बंद असताना असतो आणि कंडेन्सरवर चालू असताना. कॉइल बंद गाडीतच तपासावी लागते. ती तशीच तपासली होती, ड्रेन पाइपच्या तोंडाशी आणि ब्लोअर रेझिस्टर (ब्लोअरचा वेग ठरवणारा भाग) काढून त्या भोकातून. काही नाही. म्हणजे कॉइल खरोखर स्वच्छ. कंडेन्सर मात्र त्याला हव्या त्या दाबावर कुणी तपासलाच नव्हता.

नायट्रोजन टेस्टचंही (गॅसच्या जागी नायट्रोजन भरून दाब उतरतो का बघायचं) तसंच. सर्व्हिस पोर्टमधूनच १५० पीएसआय भरून ठेवला, सकाळी गेजवर १४५. या ५ पीएसआयच्या जोरावर डॅशबोर्ड उतरवायला निघालेले लोक पाहिले आहेत. संध्याकाळी ३६ अंश होते, पहाटे २६. गेजच्या आकड्यात हवेचे १४.७ मिळवा, १६४.७ होतात. त्याला २९९ ने गुणा, ३०९ ने भागा (२६ आणि ३६ अंश केल्व्हिनमध्ये), १५९.४ येतात. १४.७ परत वजा केले की १४४.७. म्हणजे घट पूर्णपणे तापमानाची. तापमान न लिहिलेली नायट्रोजन टेस्ट ग्राह्य धरू नका. आणि नायट्रोजनऐवजी टायरच्या कॉम्प्रेसरची हवा भरण्याचा मोह टाळा, तिच्यातली ओल थेट ड्रायरमध्ये (यंत्रणेतली ओल शोषणारा भाग) जाते. ऑक्सिजन तर स्वप्नातही नको, तेलाबरोबर स्फोट होतो. सिलिंडरला रेग्युलेटर हवाच, भरलेल्या नायट्रोजनमध्ये १५० बारच्या आसपास दाब असतो.

१५० पीएसआयला बंद राहणारी आणि २८० ला उघडणारी चीर शोधायची कशी? पहिला विचार होता कंडेन्सरसमोर पुठ्ठा लावून हाय साइड चढवायचा. त्यात अडचण अशी की फॅन जोरात फिरतो आणि बाहेर आलेला गॅस स्निफरपर्यंत पोचायच्या आत मागे ओढून नेतो. पुठ्ठा कापून झाल्यावर सुचलं की फॅनचा रिलेच काढला तर दाब आपोआप चढेल, हवाही शांत राहील, शिवाय हाताजवळ फॅन अचानक सुरू व्हायची भीती नाही. एका दगडात दोन नव्हे, तीन पक्षी.

पद्धत अशी. आधी गॅस वजनाने पूर्ण करून घ्यायचा, अर्ध्या गॅसवर दाब नीट चढत नाही. इंजिन थंड असतानाच सुरुवात, कारण फॅन नसल्याने कूलंटही तापणार आहे. मीटरवर किंवा ओबीडी स्कॅनरवर (गाडीच्या कॉम्प्युटरची माहिती वाचणारं यंत्र) कूलंटचं तापमान दिसत राहिलं पाहिजे. गेज लावून रिले काढा, आयडलवर एसी पूर्ण चालू करा. हाय साइड मिनिट-दोन मिनिटांत ३०० च्या घरात जाते. ३०० ला एसी आणि इंजिन दोन्ही बंद. एसी आपोआप बंद होण्याचा कट-ऑफ साधारण ४५० ला असतो, पण तिथवर जायची गरज नाही. आता दाब समान व्हायच्या आत दोन-तीन मिनिटं हातात असतात. आर-१३४ए हवेपेक्षा जड आहे, त्यामुळे स्निफरचं नाक जोडाच्या खालून फिरवायचं, सेकंदाला दोन-तीन सेंटिमीटर, त्याहून घाई नाही. काम झाल्यावर रिले परत लावायला विसरू नका, तेवढ्या एका विसरण्याने इंजिन तापून हेड गॅस्केट जातं. काही गाड्यांत रिले काढल्यावर फॅनचा फॉल्ट कोड येतो, तो स्कॅनरने पुसता येतो.

खालच्या जाळीतून नाक डाव्या कोपऱ्यात घातलं आणि स्निफर किंचाळला. बाहेर काढलं, शांत. परत घातलं, परत किंचाळला. पाच मिनिटांनी, हाय साइड १३० च्या खाली उतरल्यावर, त्याच जागी टिक-टिकसुद्धा नाही. हा फरक गेजसह व्हिडिओत घेऊन ठेवला, त्याचा उपयोग पुढे झाला.

डाय का दिसला नव्हता तेही कळलं. कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामध्ये बोटभर फट आहे. तिथे दांडीचा छोटा आरसा सरकवला, वरून यूव्ही टॉर्च मारला, तेव्हा सगळ्यात खालच्या नळीच्या मागे, ती हेडरला (कडेच्या उभ्या नळीला) जुळते तिथे, रुपयाएवढा हिरवा डाग. फॅनने ओढलेलं बाकीचं तेल रेडिएटरच्या जाळीवर पसरून धुळीत मिसळलेलं. टॉर्चबद्दल एक मत: ३९५ नॅनोमीटरचे स्वस्त टॉर्च जांभळा उजेडच जास्त पाडतात, डाग त्यात बुडतो. ३६५ चा घ्या आणि पिवळा चष्मा लावाच. एंडोस्कोप कॅमेरा आणून पाहिला, पण त्याचा स्वतःचा पांढरा दिवा डायला मारतो. आरसा सरस.

आता कारण. कंडेन्सरच्या खालच्या दोन खुंट्या रबर बुशात बसतात. उजवी नीट बसली आहे. डावी बुशाच्या भोकात न जाता कडेवर टेकली आहे, कारखान्यातूनच. त्यामुळे तो कोपरा मागे झुकला. उजवीकडे कंडेन्सर आणि रेडिएटरच्या प्लॅस्टिक टाकीत ८ मिलिमीटर फट, डावीकडे शून्य. टाकीवरची उभी फासळी नळीला टेकलेली. त्या टाक्या काच मिसळलेल्या नायलॉनच्या असतात. वर रस्त्याची धूळ आणि आयडलची थरथर. ॲल्युमिनियमची पातळ नळी १४ महिने टिकली हेच नवल. घासून पातळ झालेल्या जागी बारीक चीर, गार असताना मिटलेली, दाब चढला की उघडणारी. सकाळी गार आणि दुपारी कोमट हे मात्र या चिरेमुळे नव्हे, कमी गॅसमुळे. सकाळच्या हवेत २७० ग्रॅमही निभावून नेतो.

मागच्या बाजूला असणं वॉरंटीच्या दृष्टीने फार मोलाचं ठरलं. कंडेन्सर फुटला की पहिलं उत्तर "दगड लागलाय, वॉरंटीत नाही" हेच येतं, इथेही तेच आलं. दगड समोरून येतो. समोरच्या फिन शाबूत, मागे घासल्याची उभी रेघ, ८ आणि शून्याचा फरक फीलर गेजसह फोटोत, बुशावर टेकलेली खुंटी, आणि आधीच्या जॉबकार्डवर लिहून घेतलेले "रिकव्हर २७० ग्रॅम". एवढ्यावर कंडेन्सर वॉरंटीत मंजूर झाला. म्हणून सगळ्यांना आग्रहाने: गॅस काढला की किती निघाला आणि किती भरला ते ग्रॅममध्ये जॉबकार्डवर लिहून घ्या. "गॅस टॉपअप केला" या वाक्याला पुराव्याची किंमत शून्य. आणि वॉरंटी चालू असेपर्यंत पोर्टच्या पलीकडे एकही नट सैल करू नका. लीक स्टॉपचा (भोक बुजवणाऱ्या रसायनाचा) डबा तर मुळीच नको. तो एक्सपान्शन वॉल्व्ह तुंबवतो आणि रिकव्हरी मशीनही खराब करतो.

बदलताना समोर उभं राहून ज्या गोष्टी करून घेतल्या त्या. दोन्ही खुंट्या बुशात पूर्ण गेल्याची खात्री, वरचे बोल्ट आवळण्याआधी. नव्या कंडेन्सरमध्ये ३० मिली पॅग-४६ (कॉम्प्रेसरचं तेल). ड्रायर कंडेन्सरच्या अंगातच आहे, तो नवाच आला, त्यामुळे पोर्टच्या टोप्या जोडणीच्या क्षणापर्यंत काढायच्या नाहीत. ओ-रिंग नव्या, एचएनबीआर रबराच्या. पुण्याच्या नाना पेठेत मिळणारा ओ-रिंगचा मिश्र डबा हिरवा असतो, पण रंग म्हणजे हमी नाही, नाजूक जागी कंपनीचीच घ्या. ओ-रिंगला बाहेरून मिनरल ऑइल लावावं, पॅग नव्हे, कारण पॅग हवेतली ओल शोषतं आणि जोड आतून गंजतो. एम-६ बोल्टला ८ ते १० न्यूटन-मीटर पुरे.

गॅस भरण्याआधी यंत्रणा निर्वात करतात, त्या व्हॅक्यूमबद्दल पुणेकरांसाठी वेगळं. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे. इथे पूर्ण निर्वात झालं तरी काट्याचं गेज उणे २८ इंचांच्या आसपासच थांबतं, मुंबईसारखं तीसला टेकत नाही. पंप बिघडला म्हणून नवा घेऊ नका, मायक्रॉन गेज (उरलेला बारीकसा दाब मोजणारं) घ्या. ५०० मायक्रॉनखाली नेऊन पंप बंद करायचा आणि पंधरा मिनिटं बघायचं. चढून एका जागी थांबला तर ओल, चढतच राहिला तर लीक. इथे ४२० वर बंद केला, ४९० ला स्थिरावला. सुंदर.

घरी भरणाऱ्यांसाठी: इंजिन चालू असताना हाय साइडचा वॉल्व्ह कधीही उघडायचा नाही, उलटा दाब कॅनमध्ये जातो आणि कॅन फुटतो. चालू इंजिनात लो साइडनेच, कॅन उभा धरून, काट्यावर वजन बघत. स्वस्त कॅन आणला तर आधी त्याचाच दाब मोजा. ३० अंशांना ९७ पीएसआयच्या जवळ हवा. १४०-१५० दिसला तर आत आर-२२ सारख्या दुसऱ्या गॅसची भेसळ आहे, परत करा. ज्वलनशील हायड्रोकार्बनची भेसळ मात्र या चाचणीत हमखास पकडली जाईलच असं नाही, म्हणून अनोळखी कॅन घेऊच नये.

आताचे आकडे. बाहेर ३६ अंश, रीसर्क्युलेशन, ब्लोअर ३, १५०० आरपीएम: लो ३१, हाय २३५, मधल्या व्हेंटला ७.२ अंश. दुरुस्तीआधी याच अवस्थेत लो २० च्या खाली, व्हेंट १७ आणि कॉम्प्रेसरची सतत उघडझाप. ७.२ बघून तो थर्मामीटर तिथेच लावून ठेवला आहे.

लीक थांबला की नाही हे महिन्याभराने गेज लावून बघायचं ठरलं होतं. तेही बदलतोय. प्रत्येक वेळी गेज लावताना-काढताना नळ्यांमध्ये काही ग्रॅम जातात, आणि ४३० ग्रॅमच्या यंत्रणेत ते मोजण्याला चांगलेच दिसतात. गाडीत हाय साइडवर प्रेशर सेन्सर आहेच. त्याचं रीडिंग नेहमीच्या ओबीडी यादीत नसतं, कंपनीच्या स्वतःच्या कोडमध्ये असतं. तो कोड शोधून बाहेरचं तापमान, आरपीएम आणि हाय साइड एकत्र नोंदवायचं. सारख्या हवेत आणि सारख्या आरपीएमला हाय साइड हळूहळू उतरायला लागली तर गॅस जातोय. ज्यांच्याकडे याच इंजिनची गाडी आहे त्यांनी ८ मिलिमीटरची ॲलन की घेऊन कंडेन्सरच्या मागे दोन्ही खालच्या कोपऱ्यांत घालून बघावी. बंपर उतरवावा लागत नाही, खालची जाळी चार क्लिपांवर निघते. एकीकडे की जाते आणि दुसरीकडे नाही, असं झालं तर घासायला लागण्याआधीच बुश नीट बसवून मागा.