लगत कब्जेदाराला नोटीस

लेखनाच्या गप्पा निघाल्या की एक प्रश्न हटकून येतो. "तुमच्या गोष्टी आजच्या काळातल्या. मोबाईल आहेत, एसटी आहे, तलाठी आहे. मग त्यातली जादू लोकांना माहीत असते की नसते? किती लपवायची, हे ठरवता कसं?" तुम्हीही विचारलंत म्हणून एकदा नीट सांगून टाकते.

आधी मी ती पार लपवली होती. पुण्यात शनिवार पेठेतल्या वाड्याच्या तळघरात मांत्रिकांची गुप्त कचेरी, आणि कोणाला काही दिसलंच तर त्याची आठवण पुसायला माणसं तयार. हस्तलिखित वाचून मैत्रीण म्हणाली, "समोरच्या गच्चीवरच्या काकूंची आठवण काय रोज पुसतात का?" कादंबरी तिथेच बसली. पेठेत नव्या भाडेकरूने दूध कुठलं लावलंय हे तिसऱ्या दिवशी सगळ्यांना ठाऊक असतं. शिवाय लपवणारी यंत्रणा एकदा आणली की गोष्ट तिचीच होऊन बसते. माझी अर्धी पानं पुसापुशीत गेली होती.

मग दुसरं टोक, सगळं उघड. उडणाऱ्याला आरटीओचं लायसन्स लागेल का? पुढचं दिसणाऱ्याला विमा कोण उतरवून देईल? चाळीसेक पानं नियम लिहिले, माणूस एकही नाही. आणि जादू पहिल्यापासून उघड असेल तर पेशव्यांपासून पीएमपीपर्यंत सगळंच वेगळं घडायला हवं. ते पुणं माझ्या ओळखीचं राहीना.

वाट सापडली ती आत्याकडे, कुडाळजवळ. आतेभाऊ इंजिनिअर. आंब्यांवर फवारणी सुरू करण्याआधी त्याने खिशातून विडी काढली, पेटवली आणि बांधावरच्या एका दगडावर नीट आडवी ठेवली. तो स्वतः विडी ओढत नाही. मी विचारलं, हे काय? "काय नाय, असाच. बाबा ठेवायचे." आणि पंप सुरू केला. त्याच्या आवाजात ना भीती होती, ना भक्ती. मीटर रीडिंग घेणाऱ्याला पाणी विचारावं, तसं.

विडी राखणदारासाठी, म्हणजे जागा राखणाऱ्या अदृश्य शक्तीसाठी. राखणदाराचं तिथे असंच असतं. कोणी लपवत नाही, कोणी सांगतही बसत नाही. मालवण तालुक्यातल्या आचऱ्याची गावपळणच घ्या. दर काही वर्षांनी ग्रामदैवत रामेश्वराचा कौल, म्हणजे देवाला विचारून मिळालेला होकार, झाला की अख्खं गाव गुरंढोरं, कोंबड्या, कुत्री घेऊन वेशीबाहेर पडतं. तीन दिवस, तीन रात्री. माळावर झोपड्या, तिथेच चुली, तिथेच भजनं. मग पुन्हा कौल घेऊन आत. पेपरात फोटो येतात, व्हिडिओ फिरतात. पण गाव रिकामं का करायचं, याची पाच जणांकडे पाच उत्तरं असतात आणि त्यावाचून कोणाचं अडत नाही. मी तळघरं खोदत होते, आणि इथे अख्खं गाव दिवसाढवळ्या चालत निघतं.

तेव्हा माझ्या गोष्टीत जादू झाकलेली नसते. तिच्यासाठी फक्त कोणत्याच अर्जात रकाना नसतो.

पण हे एवढ्यावर भागत नाही, आणि खरं तर हाच भाग मला जास्त छळतो. ज्या शनिवार पेठेत मी कचेरी थाटली होती, तिथल्याच ओंकारेश्वराजवळच्या पुलावर 20 ऑगस्ट 2013 रोजी अंधश्रद्धेविरुद्ध लढणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. काही दिवसांतच जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला, डिसेंबरात विधिमंडळाने कायदा मंजूर केला. ज्या राज्यात असा कायदा लागतो, तिथे 'जादू खरी असते' हे गोष्टीतसुद्धा जपून लिहावं लागतं. म्हणून मी एक नियम केला: माझ्या गोष्टीत जादू मागून मिळत नाही, विकत तर नाहीच. जो पैसे घेतो तो भोंदू, आणि पोलीस त्याला त्याच कायद्याखाली उचलतात. जादू किती दिसावी यापेक्षा ती कोणाच्या हाती लागू नये, हे मी आता आधी ठरवते. मग बाकीचं आपोआप जमतं.

सध्याच्या गोष्टीत एक भूकरमापक, म्हणजे जमीन मोजणारा सरकारी कर्मचारी आहे. कोकणात 'हद्द कायम', म्हणजे जमिनीची हद्द ठरवून देणाऱ्या मोजणीला आलाय. मोजणीआधी लगतच्या कब्जेदारांना नोटीस द्यावी लागते, आणि शेजारच्या जमिनीच्या सातबाऱ्यावर कब्जेदार म्हणून देवाचं नाव आहे. यात माझ्या पदरचं काही नाही. आपल्या कायद्यात देव ही कायदेशीर व्यक्ती धरतात, आणि देवाच्या नावावरच्या जमिनी कोकणात शोधायला लागत नाहीत. पुजारी वारलाय, वहिवाटदार मुंबईला. भूकरमापक नियमाचा पक्का, तो नोटीस काढतो. शिपाई ती देवराईतल्या दगडाखाली ठेवून येतो.

चौथ्या दिवशी पोच कार्यालयात टेबलावर हजर. पहिल्या खर्ड्यात सहीच्या जागी मी पंजाचा ठसा उमटवला होता. फारच झालं, खोडला. आता कागदाला नुसता विडीचा वास येतो. मैत्रीण म्हणते, शिपाईच ओढत असेल.

ते मला चालेल.