जोत्याची उंची आणि रॅम्पची लांबी

वास्तुविशारद म्हणून पुण्यातल्या कोणत्याही इमारतीचा नकाशा हाती आला की मी प्रथम जोत्याची पातळी, म्हणजे तळाची फरशी बाहेरच्या जमिनीपेक्षा किती उंच आहे, ते पाहतो. मी स्वतः व्हीलचेअर वापरतो हे त्याचे एक कारण आहेच. परंतु ही इमारत कोणाला एकट्याने वापरता येईल आणि कोणाला नाही, याचा बराचसा निकाल त्या एका आकड्यात लागलेला असतो, हे अधिक महत्त्वाचे.

आपल्या सोसायट्यांमध्ये तळाला पार्किंग असते आणि लिफ्टपर्यंत पोहोचण्यासाठी बहुधा तीन पायऱ्या चढाव्या लागतात. तीन पायऱ्या म्हणजे सुमारे ४५० मिलिमीटर. एकास बारा, म्हणजे उंचीच्या बारापट लांबी, या मान्य प्रमाणाने तेवढ्या उंचीसाठी ५.४ मीटर लांबीचा रॅम्प लागतो, शिवाय दोन्ही टोकांना व्हीलचेअर वळवता येईल अशी सपाट जागा. ही जागा नकाशातच राखलेली नसेल, तर भोगवटापत्राच्या (इमारत वापरण्याच्या परवानगीच्या) घाईत कोपऱ्यात दोन मीटरचा उतार ओतला जातो. त्यावर व्हीलचेअर एकट्याने चढत नाही आणि उतरताना ताब्यात राहत नाही; कालांतराने तेथे कोणीतरी स्कूटर लावू लागतो, आणि खरे सांगायचे तर त्या उताराचा तेवढाच उपयोग असतो. याउलट लॉबी पार्किंगच्याच पातळीवर ठेवून, पाणी आत येऊ नये म्हणून बाहेरच्या फरशीला किंचित ढाळ आणि दारापुढे जाळीची नाली दिली, तर रॅम्पचा प्रश्नच उरत नाही. गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्या आजी, बाबागाडी ढकलणारी आई आणि गॅसचे सिलिंडर आणणारा माणूस या सर्वांची वाट तीच होते.

अमेरिकन वास्तुविशारद रोनाल्ड मेस यांनी ‘युनिव्हर्सल डिझाइन’ या नावाने नेमका हाच विचार मांडला. नवव्या वर्षी पोलिओ झालेल्या मेस यांना नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठात वास्तुकलेचे शिक्षण घेताना वर्गात पोहोचण्यासाठी इतरांनी उचलून जिन्यावरून न्यावे लागत असे. पुढे १९८९ मध्ये त्यांनी त्याच विद्यापीठात या विषयाचे केंद्र स्थापन केले आणि १९९७ मध्ये तेथील गटाने सात तत्त्वे प्रसिद्ध केली. अपंगांसाठी वेगळी सोय करण्यापेक्षा मुख्य रचनाच शक्य तितक्या सर्वांना वापरता येईल अशी करावी, हा त्यांचा आग्रह मला आजही त्या सातही तत्त्वांपेक्षा मोलाचा वाटतो.

आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ४४ नुसार सुगम्यतेचे नियम न पाळणाऱ्या इमारतीला बांधकामाची परवानगी देता येत नाही, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या बाबतीत केवळ शिफारशी पुरेशा नसून सक्तीचे किमान नियम हवेत, असे स्पष्ट केले. तरीही तपासणी होते ती मुख्यतः कागदाची. नकाशावरचा रॅम्प जागेवर कितीचा उतरला हे पाहायला पातळी मोजण्याची पाण्याची नळी आणि टेप एवढेच लागते, म्हणून मी आता जोत्याचे काम सुरू असतानाच साइटवर जातो. फरशी बसल्यानंतर पातळी बदलायला कोणताही बिल्डर तयार होत नाही.