नकाशा घेऊन काकूंच्या ओट्यावर

नेरूळमधलं आमचं घर सिडकोच्या रो हाऊसपैकी. डावीकडच्या काकूंची आणि आमची भिंत एकच. त्यांच्याकडे मिक्सर लागला की आमच्या देवघरातली घंटा किणकिणते. वर एक खोली चढवायची ठरली, तेव्हा मी म्हटलं, महापालिकेत फाईल टाकण्याआधी काकूंना नकाशा दाखवते. आर्किटेक्टने कपाळाला हात लावला. "ताई, विचारायला गेलात की हरकत घेऊनच याल. आधी मंजुरी, मग पेढे."

कायद्याने त्याचं चुकत नव्हतं. शहराच्या विकास आराखड्यात बदल करायचा असेल, तर महाराष्ट्राच्या नगररचना अधिनियम 1966 च्या कलम 37 प्रमाणे राजपत्रात नोटीस द्यावी लागते, महिनाभर हरकती-सूचना मागवाव्या लागतात, ज्यांना त्या बदलाची झळ लागणार त्यांना वेगळी नोटीसही द्यावी लागते. आपण मात्र घरावर खोली चढवायचा अर्ज करतो कलम 44 खाली. तिथे शेजाऱ्याला कळवा, असं काही लिहिलेलं नाही.

पण आमच्या समोरच्या घराने चार वर्षांपूर्वी हेच केलं. एका सकाळी फाटकापुढे रेतीचा ट्रक उभा, तेव्हा आम्हाला कळलं. परवानगी होती त्यांच्याकडे, कागद चोख. तरी सासऱ्यांनी जे बोलणं टाकलं ते टाकलंच. दोन्ही घरांत गणपती बसतो, आरत्या एकाच वेळी चालतात, पण प्रसाद रस्ता ओलांडत नाही.

तर मी नकाशा गुंडाळून काकूंच्या ओट्यावर गेले. पहिला प्रश्न, "माझ्या पापडांवर ऊन येईल ना?" सावली कुठवर पडेल ते सांगता सांगता दोन चहा झाले. मग त्यांनी चष्मा लावला, मागच्या बाजूच्या एका चौकोनावर बोट ठेवलं. "हे काय?"

"नवा कॉलम, काकू."

"अगं, इथे खाली चेंबर आहे. तुमचा नि आमचा एकच. लादी बसवताना तुझ्या सासूने झाकून टाकलं."

आमच्या घरात हे कुणालाच आठवत नव्हतं. दुसऱ्या दिवशी लादी उचलली तर खरंच चेंबर! झाकण गंजलेलं, आत दोन घरांचं सांडपाणी. आर्किटेक्ट बराच वेळ वाकून बघत राहिला. कॉलम सरकला, बीम लांबली, खर्च वाढला. त्यावरून नवऱ्याशी झालेलं बोलणं इथे लिहीत नाही.

उजवीकडच्या घराला कुलूप असतं. मालक पुण्याला मुलाकडे. त्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर नकाशा पाठवला, तर नुसता अंगठा आला. अंगठ्यावर घर कसं बांधायचं? फोन केला. म्हणाले, पावसाचं पाणी आमच्या गच्चीत उतरणार नाही एवढं लेखी द्या. दिलं, पन्हळ कुठे उतरणार त्याच्या आकृतीसकट.

काकूंनी काही लेखी मागितलं नाही. दुपारी दोन ते चार ड्रिल चालवायचं नाही, आणि पापडांच्या दिवसांत सिमेंट उडवायचं नाही. आर्किटेक्टने विचारलं, "पापडांचे दिवस म्हणजे नक्की कधी?" काकू म्हणाल्या, "मी सांगेन."

सोमवारी फाईल टाकली.