लाडखेडला कोण उतरतं?

"लाडखेड स्टेशन? तिथं काय हाय आता?" यवतमाळहून सुटलेल्या एसटीत कंडक्टरनं तिकीट फाडण्याआधी खात्री करून घेतली.

माणूस खोटं बोलत नव्हता. बाभळी, पडकी भिंत, गवतात बुडालेले रूळ. दोन रुळांत अंतर जेमतेम 762 मिलिमीटर. शकुंतला म्हणजे याच रुळांवरून धावणारी छोटी रेल्वे. तिचा मूर्तिजापूर-यवतमाळ फाटा 113 किलोमीटरचा, मूर्तिजापूर-अचलपूर 76 चा.

निवांत बसायचं म्हणून गेलो होतो, तर दोन पोरं रील काढत होती. "आजही इंग्रजांना भाडं भरणारी रेल्वे!" हेच वाक्य, आवाज चढवून, पुन्हा पुन्हा. डोकं उठलं. किलिक निक्सन या इंग्रज पेढीच्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीची ही लाइन, हे खरं. 1951 पर्यंत देशातल्या बहुतेक रेल्वे सरकारच्या झाल्या, तरी ही कंपनीकडेच राहिली. गाड्या सरकारी रेल्वेनं चालवायच्या आणि करारानं कंपनीला पैसे द्यायचे, हेही खरं. पण ती पेढी पुढे भारतीयांच्याच हाती आली, हे रीलमध्ये कोण सांगणार? त्यानं लाइक मिळत नाहीत.

इंग्रजांनी नेलं ते कापसातून. यवतमाळच्या जिनिंगमधल्या गाठी या चिमुकल्या डब्यांतून मूर्तिजापूरला जायच्या, तिथं मोठ्या लाइनच्या गाडीत चढायच्या, मग मुंबई बंदर आणि पुढे मँचेस्टरच्या गिरण्या. त्याच मँचेस्टरमध्ये 1921 साली बनलेलं वाफेचं इंजिन 1923 पासून 1994 पर्यंत ही गाडी ओढत राहिलं. नंतर डिझेल आलं, घाई मात्र कधी आली नाही.

पोरं गेल्यावर शेळ्या घेऊन एक आजोबा आले. "काय पाहाले आले बाप्पा?" म्हणत शेजारी टेकले. तंबाखू पुढे केली, मी नको म्हटलं, तर जरा हिरमुसलेच.

"गाडी इथं किती वेळ थांबायची?"

"थांबाचं काय घेऊन बसले! हात दाखोला का थांबे. मायी बुढी आंगावरचं पोरगं घेऊन माहेरी जाये. गार्डच खाली उतरून तिकीट दे. पैसे नसले तं मंग देजो म्हने."

"आणि द्यायचे?"

"थे त्याले इचारा."

आजोबा खदाखदा हसले. इंग्रजांचं नाव त्यांच्या तोंडून एकदाही आलं नाही. त्यांचा राग एसटीच्या भाड्यावर होता.

वर्धा-यवतमाळ-नांदेड ब्रॉडगेजचं काम चालू आहे, वर्धा ते कळंब गाडी 2024 मध्ये सुरूही झाली, पुढे दारव्हा, दिग्रस, पुसद, असं मी मोठ्या उत्साहानं सांगितलं.

"थे बी हात दाखोला का थांबन काय?"

नाही म्हणालो. आजोबांनी शेळ्या हाकल्या.