मे महिना, टिनाचं शेड आन 14 फुटी बोर्ड

आमचं फायबरचं वर्कशॉप भंडारा जिल्ह्यात, तालुक्याच्या गावाबाहेर. कामं नेहमीचीच, फुटक्या टाकीला मॅट (काचेच्या धाग्यांची चटई) मारणं, कूलरच्या बॉड्या, मधातच एखाद्या देवळाचा कळस. तिथं भर मे महिन्यात एक पोरगा छोट्या हत्तीत थर्माकोलचं लांबलचक धूड घेऊन आला, अर्धं मागून बाहेर लटकत होतं. पॅडलबोर्ड म्हणे, उभं राहून वल्हं मारायचं, रेसचा. 14 फूट लांब आन रुंदी फक्त 24 इंच. दोन्ही बाजूले प्लायचे फर्मे लावून नायक्रोमच्या गरम तारेनं त्यानं स्वतःच कापला होता, मधात लाकडाची पट्टी चिकटवलेली. हात साफ होता पोराचा, हे मानावं लागेल. पाचेक किलोचा तो ठोकळा एका हातानं उचलून म्हणे, "भाऊ, याच्यावर फायबर मारून द्या, संध्याकाळपर्यंत घेऊन जातो."

मी काही बोललो नाही, त्याच्या कटिंगमधला एक तुकडा घेतला आन आमचं रोजचं पॉलिस्टर रेझिन, म्हणजे कापडात मुरून कडक होणारा पातळ माल, त्यावर थोडंसं ओतलं. बघता बघता खड्डा पडला. रेझिनमधलं स्टायरीन थर्माकोल खाऊन टाकते, म्हणून इथं एपॉक्सीच लागते, म्हणजे स्टायरीन नसलेलं दुसऱ्या जातीचं रेझिन. ते त्यानं आणलं होतं, विणलेलं 200 जीएसएमचं (चौरस मीटरले 200 ग्रॅम) काचेचं कापडही. आमची तुकड्या धाग्यांची चॉप मॅट चालली नसती, तिचा बाइंडर, म्हणजे धागे धरून ठेवणारा गोंद, त्याच स्टायरीनमध्ये सुटतो, एपॉक्सीत ती कडकच राहते.

"मग आत्ताच सुरू करू ना," तो म्हणे. अकरा वाजले होते, शेडवर टिन, आत भट्टी. मी म्हटलं आधी तुकड्यावर बघू. एक थर मारला न् ठेवून दिला. दुपारी दीडले पाहतो तं कापडाखाली फोडच फोड, थर्माकोलातली हवा तापून फुगून राहिली होती आन ओल्या रेझिनमधून वर निघून राहिली होती. वर मगात उरलेलं एपॉक्सी वाफा सोडायले लागलं, मग हातात धरवेना. एकाच भांड्यात जास्त माल असला की स्वतःच्याच उष्णतेनं तापतो, आन दर दहा अंशाले हा खेळ जवळपास दुप्पट वेगानं चालते. पॉलिस्टरमध्ये आम्ही कॅटॅलिस्ट (माल कडक करणारं औषध) कमी करून वेळ काढून घेतो, एपॉक्सीत तसलं काही नाही, रेझिन आन हार्डनरचं डब्यावरचं प्रमाण ग्रॅमवर मोजायचं.

पोरगा चिडला होता, पण तुकडा पाहून गप्प झाला. ठरलं असं की दिवसभर बोर्ड शेडमध्येच तापू द्यायचा आन सूर्य कलल्यावर हात लावायचा, म्हणजे थंड होताना आतली हवा आखडेल आन रेझिन आत ओढलं जाईल, वर फोड येणार नाहीत.

सातच्या सुमारास लागलो. पंखे बंद, कारण धूळ. बल्ब मुद्दाम बाहेर दाराशी टांगला, नाहीतर सारी पाखरं ओल्या रेझिनवर येऊन बसली असती, आत फक्त लांबून एक ट्यूब. माझा पोऱ्या वजनकाट्यावर थोडं थोडं मिक्स करून देत होता, मी मिळालं की लगेच बोर्डवर ओतायचो, मगात ठेवायचंच नाही, आन रबरी पट्टीनं मधातून कडेकडे ओढायचो. कापड पांढरं राहिलं की तिथं माल कमी, चमकलं की जास्त, दोन्ही नको, जास्तीचा माल म्हणजे फुकटचं वजन. कडांवर कापड वळत नव्हतं तिथं कात्रीनं चिरा दिल्या. शेजारचे ढिवर काका, ज्यांचा स्वतःचा डोंगा आहे, येऊन पाहून गेले. "काऊन बे, इतक्या अरुंद फळीवर उभा राहाशील?" पोरगा हसला. काका म्हणे, "पडशील तं पड, पण गाळाच्या बाजूनं नको जाऊ."

नऊपर्यंत खालची बाजू झाली. सकाळी नखानं दाबून पाहिलं, एकही फोड नाही. वरची बाजू दुसऱ्या दिवशी, तीच वेळ धरून. त्यानंतरचं घासकाम म्हणजे नुसती खाज, त्याबद्दल काय सांगायचं. फिन (बोर्डाखालचा माशाच्या पंखासारखा भाग) बसवून सारं मिळून बाराएक किलो भरलं.

नेताना त्याले एकच सांगितलं, वरचा व्हेंटचा, म्हणजे आतली हवा सोडायच्या भोकाचा, स्क्रू गाडीवर नेताना ढिला करायचा आन पाण्यात उतरायच्या आधी घट्ट, नाहीतर उन्हात आतली हवा फुगून कापड सुटते. आता त्याचा मित्र दुसरा ठोकळा घेऊन येतो म्हणते. त्याले म्हटलं, दिवाळीनंतर ये.