दौलतरावाची खतावणी

गेल्या पावसाळ्यात बेळगावच्या टिळकवाडीतल्या आमच्या माडीवर खेळताना मी एका मैत्रिणीचं कॅरॅक्टर मरू दिलं.

डंजन्स अँड ड्रॅगन्स म्हणजे टेबलाभोवती बसून, प्रत्येकानं एकेक पात्र होऊन फाशांवर खेळायचा गोष्टीचा खेळ. तो खेळणाऱ्यांना हा प्रसंग लगेच कळेल. पात्राचे हिट पॉइंट, म्हणजे अंगातला जीव, शून्यावर आले की आपल्या पाळीला वीस बाजूंचा फासा टाकायचा. १० किंवा वर पडलं तर एक यश, खाली पडलं तर एक अपयश. तीन अपयशं झाली की संपलं. तिची दोन झाली होती. माझं पात्र म्हणजे दौलतराव; त्याच्या पिशवीत औषधाची बाटली होती, पाजायला क्षणभराचं काम. पण दौलतराव पडला खलपात्र, पात्राच्या कागदावर ठळक 'लॉफुल ईव्हिल', म्हणजे नियमात राहून दुष्ट, असं लिहिलेलं. मी बाटली काढलीच नाही. फासा घरंगळत ताटलीला लागला आणि ४ वर थांबला.

"असं काय करालास रे तू?"

"माझं कॅरॅक्टर तसंच आहे की," मी म्हणालो.

आठ महिने वाढवलेल्या चेटकिणीचा कागद तिनं घडी घालून पिशवीत ठेवली आणि चहा न घेता, भर पावसात शहापूरला निघून गेली.

त्या वाक्याची मला अजून लाज वाटते. दौलतरावाला 'तसा' मीच केला होता.

येळ्ळूरचे माझे मामा गणपतीतल्या नाटकांत कायम खलनायक असायचे. थोबाडीत मारायचा प्रसंग ते आठ-आठ दिवस घोटायचे. हात गालाला न लागता कानाजवळनं जायचा, टाळी विंगेतनं वाजायची. समोरच्याला लागू नये म्हणून एवढी मेहनत! लहानपणी मी हे शंभरदा बघितलंय, आणि माडीवर नेमकं तेच विसरलो.

मी तिच्या घरी जाऊन माफी मागितली. पुढच्या शनिवारी आम्ही फासे काढलेच नाहीत, नुसते बोलत बसलो. एकमेकांच्या जिवावर उठायचं नाही, एवढं ठरलं. दौलतराव मात्र सुधारला नाही. उलट तो आता खरा सावकार झालाय. नियमपुस्तकात त्या बाटलीची किंमत ५० सुवर्णमुद्रा आहे. तो बाटली आधी पाजतो आणि मग खतावणीत नाव लिहितो. मेलेल्या कुळाकडनं वसुली होत नाही, हे त्याला पक्कं माहीत आहे.

मध्यंतरी त्यानं दुष्काळातल्या एका गावाला बियाणं देऊन अख्खी शेतं लिहून घेतली. माडीवर कुणी बोलेना. निपाणीकडचा आमचा एक गडी, ज्याच्या आजोबांची तंबाखूची शेती कर्जात गेली, तो टेबलाकडं बघत बसला. मी खेळ थांबवून त्याला विचारलं, "पुढं नेऊ काय?" तो म्हणाला, "ने. मला त्या सावकाराला हरवायचाय."

परवाच्या शनिवारी मैत्रिणीची नवी लढवय्यी शून्यावर आली. मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली,

"दौलतराव, बाटली काढा. आणि लिहा की आणखी पन्नास."